लायसन कुणाचं, उत्तर कुणी द्यायचं?

आपल्या शिबिरांतून आपण पोलिसांबद्दल पुष्कळ बोलतो. तक्रार कशी नोंदवायची, ठाणे अंमलदारानं टाळाटाळ केली तर कुणाकडे जायचं, मारहाणीनंतर वैद्यकीय तपासणी कशी मागायची, हे आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतं. पण हे सगळं बाई संकटात सापडल्यावरचं. एरवीच्या दिवशी, काही विपरीत घडलेलं नसताना, बाईची आणि पोलिसाची समोरासमोर गाठ कुठं पडते? ठाण्यात नव्हे. ती पडते चौकात, नाहीतर गावाबाहेरच्या वळणावर. हवालदार हात आडवा करतो आणि म्हणतो, "गाडी बाजूला घ्या." या पाच मिनिटांबद्दल आपण कधी बोलत नाही. मला वाटतं, बोलायला हवं.

पूर्वी त्याची गरज नव्हती म्हणा. आपण एसटीनं हिंडणाऱ्या. मोटारसायकलवर बाई दिसलीच तर मागच्या सीटवर, पाय एका बाजूला सोडून, मांडीवर पोर घेऊन. १९७२ साली लुना आली आणि पुण्यासारख्या शहरात मुली, शिक्षिका, नर्सेस स्वतःच्या वाहनानं कामाला जाऊ लागल्या. पण लुनाला वेगासाठी अडवायचं तर हवालदाराकडे फारच रिकामा वेळ हवा! आता तसं राहिलेलं नाही. आशाताई, अंगणवाडी सेविका, गटांचे हिशेब बघणाऱ्या बाया, कारखान्यातून रात्रपाळी करून येणाऱ्या मुली, सगळ्या स्कूटरवर आहेत. रस्ते रुंद झालेत, गाड्या पळतात, आणि रस्त्याकडेला वेग मोजणारं यंत्र घेऊन पोलीस उभे असतात.

आमच्या गटातल्या एका कार्यकर्तीची हकीगत सांगते. गाडी तिची. कर्ज तिनं काढलेलं, हप्ते तिच्या मानधनातून गेलेले, कागदावर नाव तिचं, लायसन तिच्या पर्समध्ये. तालुक्याच्या गावाबाहेर तिला अडवलं. वेग जास्त होता, यंत्रात आकडा आला होता. हवालदारानं विचारलं, "गाडीचे मालक कोण?"

आता हा आपल्या भाषेचाच खेळ बघा. मालक म्हणजे वाहनाचा मालक आणि मालक म्हणजे नवराही. हवालदाराच्या मनात काय होतं ते तोच जाणे. तिनं मात्र ऐकलं ते दुसरं. तिनं मुकाट्यानं नवऱ्याला फोन लावला आणि फोन हवालदाराच्या हातात दिला. दोन पुरुष एकमेकांशी अगदी आदबीनं बोलले. "साहेब, जरा सांभाळून घ्या, बायकांना काय कळतंय." "नाही हो, आम्ही काय परके आहोत का." तीनशे रुपयांत मिटलं. पावती नाही. ती शेजारी उभी होती, लायसन हातात धरून, ते कुणी बघितलंसुद्धा नाही.

खरा दंड संध्याकाळी झाला. नवऱ्यानं गाडीची चावी स्वतःच्या खुंटीला अडकवली. "तुला झेपत नाही ते." पुढचे तीन आठवडे ती एसटीची वाट बघत उभी राहत होती. दोन लांबच्या वाड्यांवरच्या गटांच्या बैठका झाल्याच नाहीत. चावी परत मिळाली ती नवऱ्याला स्वतःच्या आईला दवाखान्यात न्यायला सवड नव्हती म्हणून.

वेगासाठी झालेल्या अडवणुकीत बाईचं काय पणाला लागतं, ते यात आहे. पुरुषाचे हजार-दोन हजार रुपये जातात. बाईचे पैसे जातात आणि त्यावर तिचं हिंडणं-फिरणंही जाऊ शकतं. म्हणून माझं म्हणणं असं की त्या पाच मिनिटांत उत्तर तिनंच द्यायचं. नवऱ्यानं नाही, भावानं नाही, ओळखीच्या नगरसेवकानं नाही, आणि रडू फुटलेल्या 'बिचाऱ्या बाई'नंही नाही. लायसन जिचं तिनं.

उत्तर द्यायचं तर कायदा थोडा माहीत हवा. फार नको, पण नेमका हवा. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. गणवेशातल्या कुठल्याही पोलिसानं मागितलं की लायसन दाखवावं लागतं. यात 'गणवेशातल्या' हा शब्द आपल्या कामाचा. साध्या कपड्यातला माणूस गाडीला आडवा येऊन कागद मागत असेल तर त्याला ओळखपत्र विचारा. लायसन घरी राहिलं म्हणून घाबरायचं कारण नाही. सरकारच्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला मोबाईलवरचा कागद २०१८ पासून नियमानं चालतो. नाव आणि पत्ता विचारला तर तो सरळ सांगायचा. वेग जास्त होता एवढ्या कारणावरून वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार या कायद्यानं पोलिसाला दिलेला नाही. पण गुन्हा केलेल्या चालकानं नाव-पत्ता सांगायला नकार दिला तर तेवढ्यावरून मात्र अटक होऊ शकते. म्हणजे 'मी कशाला सांगू माझं नाव' हा बाणा तिथं उपयोगाचा नाही. तो आपण मोर्चासाठी राखून ठेवू.

आणि मग विचारायचं. आवाज न चढवता, पण डोळ्यांत बघून विचारायचं, "साहेब, माझा वेग किती होता? इथं मर्यादा किती? यंत्रातला आकडा दाखवता का?" यात उद्धटपणा काही नाही. वेगाचं कलम आहे १८३. त्यातच लिहिलेलं आहे की एका साक्षीदाराला 'गाडी जोरात होती असं वाटलं' एवढ्या पुराव्यावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. त्याच्या मताला यंत्रानं केलेल्या मोजणीचा आधार हवा. नुसत्या नजरेनं मोजलेल्या वेगावर दंड मागणाऱ्याला हे कलम आठवून द्यायला हरकत नाही. सरकारनं किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं एखाद्या रस्त्यावर वेगळी मर्यादा घातली तर ती राजपत्रात यावी लागते आणि रस्त्यावर तिचा फलक लागावा लागतो. फलक झाडाआड असेल, किंवा नसेलच, तर ते तिथंच सांगायचं आणि नंतर लिहूनही द्यायचं.

गाडीची चावी हिसकून घेण्याचा प्रकार सर्रास चालतो. या कायद्यात चावी काढून घ्यायचं कलम मला कुठं सापडलं नाही. गाडी अडकवून ठेवायचा अधिकार आहे, पण तो गाडीची नोंदणी नसेल, चालवणारीकडे लायसनच नसेल, अशा कारणांसाठी. लायसन ताब्यात घ्यायचं मात्र वेगाच्या गुन्ह्यात २०१९ पासून कायद्यातच आहे, आणि ही गोष्ट फार थोड्या बायकांना ठाऊक असते. लायसन घेतलं तर त्याची तात्पुरती पोच द्यावीच लागते. ती मागून घ्या. पण त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. म्हणजे वीस किलोमीटरवर घर आणि हातात नुसता कागद, अशी वेळ येऊ शकते. त्या वेळी कुणालातरी बोलवावंच लागेल. तर मग गटातल्या लायसनवाल्या मैत्रिणीला बोलवा. एवढ्यासाठी तरी गटात दोघीतिघींकडे लायसन हवं.

दंडाचं म्हणाल, तर पूर्वी पहिल्या वेळी चारशे रुपयांपर्यंत होता. दुरुस्तीनं हलक्या वाहनासाठी तो एक हजार ते दोन हजारांच्या घरात नेला आणि महाराष्ट्रात नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. मानधनावर जगणाऱ्या बाईला हा आकडा जड आहे, कबूल. तिथूनच 'मिटवून टाका' सुरू होतं. "पावती फाडू का?" या प्रश्नाचा अर्थ आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतो. याला माझं उत्तर एकच आहे, "हो, फाडा." आता पावती फाडायची नसते, यंत्रातून चलान निघतं, एवढाच फरक. चलान मान्य नसेल तर तिथल्या तिथं पैसे भरायची सक्ती नाही. दाद मागता येते, शेवटी न्यायालयापर्यंत जाता येतं. चिरीमिरी देऊन सुटणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. लाचलुचपतीच्या कायद्यात २०१८ साली बदल झाला आणि लाच देणाराही गुन्हेगार ठरला. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका. लाचलुचपत विभागाचा फोन १०६४ आहे.

आता इथं माझं काही मैत्रिणींशी वाजतं. त्या म्हणतात, "बाईला व्यवस्था एरवी काय देते? मग दोन आसवं गाळून हजार रुपये वाचत असतील तर वाचवू दे की. ते दुबळ्याचं हत्यार आहे." मला हे पटत नाही. आसवं बघून हवालदार सोडतो तेव्हा तो काय म्हणतो, आठवा. "जाऊ द्या, लेडीज आहे." आज सवलत म्हणून वापरलेलं हेच वाक्य उद्या गाडीचं कर्ज मागताना, बस चालवायची नोकरी मागताना, रात्रपाळी मागताना आपल्यासमोर येऊन उभं राहतं. लेडीज आहे, झेपायचं नाही. दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघतात. शिवाय आसवांचा भाव सगळ्यांना सारखा मिळत नाही. चारचाकीतल्या, नीट केस बांधलेल्या बाईला "मॅडम" मिळतं. तीनचाकी टेम्पोत भाजी भरून बाजार गाठणाऱ्या बाईला "ए बाई, उतर खाली" मिळतं, आणि ती पारधी वस्तीवरची असली तर त्याच्या पुढचंही बरंच काही. तिच्या आसवांना कुणी विचारत नाही. म्हणून वर सांगितलेलं 'शांतपणे कलम सांगा' हेही सगळीला सारखं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. तिनं कलम सांगितलं तर तिला "लई शिकलीस का" असं ऐकावं लागेल. तिच्यासाठी गटानं उभं राहायला हवं. छातीवरच्या पट्टीवरचं नाव, वेळ, जागा एवढं तिनं लक्षात ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी चौघीजणींनी मिळून वरिष्ठांकडे लेखी तक्रार घेऊन जावं. तोंडी नको. लेखी, आणि तिच्या प्रतीवर पोच घेऊन.

"चौकीत चला" हे दोन शब्द बाईला का गोठवतात, ते आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरावर जे झालं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं त्या दोन पोलिसांना ज्या कारणांवर सोडलं, त्यातूनच तर आपल्यातल्या कित्येकजणी चळवळीत आल्या. चार कायदेतज्ज्ञांचं खुलं पत्र १९७९ चं, आणि पोलीस कोठडीतल्या बलात्काराबद्दल कायदा बदलला १९८३ मध्ये. ही भीती कल्पनेतली नाही. तेव्हा हे नीट लक्षात ठेवा. वेगाच्या चलानासाठी चौकीत जायची गरज नसते, ते काम रस्त्यावरच होतं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झाली तर पोलीस स्त्री अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यायची असते. हा नियम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, कलम ४३ मध्ये. बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची, तीही तिची मर्यादा सांभाळून. रात्री सुनसान जागी हात दाखवला आणि माणसं पोलीसच आहेत का याची शंका आली, तर भरधाव पळून जाऊ नका. वेग कमी करा, बाजूचा दिवा चालू ठेवा, पुढच्या पेट्रोल पंपापाशी किंवा टपरीच्या उजेडात थांबा, आणि ११२ ला फोन करून कुठं थांबलात ते सांगा. नंतर कुणी म्हणालंच की थांबली नाही, तर त्या फोनची नोंद तुमच्या बाजूनं उभी राहील.

हे सगळं झालं हवालदार समोर असतानाचं. पण आता बऱ्याचदा तो नसतोच. खांबावरचा कॅमेरा फोटो काढतो आणि चलान मोबाईलवर येतं. कुणाच्या? गाडी ज्याच्या नावावर त्याच्या. आपल्याकडे बाई चालवते त्यातल्या किती गाड्या तिच्या नावावर असतात, हे आपापल्या गटात हात वर करून मोजून बघा. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईच्या नवऱ्याला असाच संदेश गेला. त्यात तारीख, वेळ आणि रस्ता. ती त्या दिवशी 'बहिणीकडे जाते' म्हणून घरातून निघाली होती आणि आली होती आमच्याकडे, मारहाणीबद्दल बोलायला. पुढे काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ती सध्या माहेरी आहे.

कॅमेऱ्याच्या चलानाची सूचना गुन्ह्यापासून पंधरा दिवसांच्या आत पाठवावी लागते, असा नियम २०२१ पासून आहे. पण आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कागद. गाडी घेताना नाव कुणाचं लावायचं हा घराघरात होणारा निर्णय आहे. 'कर्ज त्यांच्या नावानं लवकर मिळतं' म्हणून तो आपसूक नवऱ्याच्या बाजूनं जातो. सातबाऱ्यावर बाईचं नाव यावं म्हणून आपण इतकी वर्षं भांडलो. गाडीच्या नोंदणीचं पुस्तक हाही लहानसा सातबाराच आहे. नाव लावणं जमणार नसेल तर निदान नोंदीतला मोबाईल क्रमांक कुणाचा आहे ते तरी बघून ठेवा. आणि केंद्रावर येणाऱ्या बायांना आपण सांगत जाऊ, की गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर त्या दिवशी एसटीनं या.

आता तुम्ही म्हणाल, वेगानं जाऊच नये हे का सांगत नाहीस? सांगते. केंद्र सरकारच्या वाहतूक खात्याच्या अहवालात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर मांडलेले आहेत. वेगाची मर्यादा हा काही पुरुषसत्तेचा कट नव्हे. यंत्रात आकडा खरा आला असेल तर 'होय, चुकलं' म्हणून दंड भरणं हेच मला सरळ वाटतं. पण बाई वेगानं का जाते तेही बघा. पहाटेचं पाणी, दोन डबे, सासऱ्यांचं औषध, मुलाचं दप्तर, हे सगळं उरकून ती निघते तेव्हा हजेरीला बारा मिनिटं राहिलेली असतात आणि अंतर वीस मिनिटांचं असतं. ती आठ मिनिटं ती रस्त्यावर भरून काढते. ती आठ मिनिटं घरातल्या कुणीतरी दुसऱ्यानं द्यायला हवीत. याला कुठलं कलम लावायचं ते मला माहीत नाही, पण ही गोष्ट घरी बोलून दाखवायला दंडाची पावती उपयोगी पडते. ती लपवू नका. टेबलावर ठेवा.

आणि समोरच्याबद्दलही थोडं. बऱ्याच चौकांत आता पोलीस बायका उभ्या दिसतात. धुरात, उन्हात तासन्‌तास. जवळपास स्वच्छतागृह नाही म्हणून पाणी न पिता उभ्या राहणाऱ्या. त्यांनी अडवलं तर 'तू बाई असून मला अडवतेस?' असं म्हणणाऱ्या मी पाहिल्या आहेत. तिला तिचं काम करू द्या. तिच्यासाठी चौकात स्वच्छतागृह मागायचं काम आपलं आहे, आणि ते निवेदन आम्ही या महिन्यात देणार आहोत.

गेल्या बैठकीत आम्ही हा प्रसंग नाटुकल्यासारखा करून बघितला. हवालदार व्हायला सगळ्याच तयार. गाडीवाली व्हायला मात्र कुणी पुढं येईना. शेवटी जिची चावी खुंटीला अडकली होती ती उठली. हवालदारणीनं आवाज घोगरा करून विचारलं, "मालक कोण?" ती पहिल्या खेपेला हसत सुटली, दुसऱ्या खेपेला गप्प झाली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "मीच. किती वेग होता ते दाखवा." पुढच्या शिबिरात या नाटुकल्यासाठी आम्ही दोन तास राखले आहेत. येताना आपापलं लायसन घेऊन या. ज्यांच्याकडे नाही त्यांनी शिकाऊ लायसनसाठी फोटो आणि पत्त्याचा कागद आणावा, तिथंच अर्ज भरून घेऊ. शिट्टी आमच्याकडे आहे. वेग मोजायचं यंत्र म्हणून केस वाळवायचं यंत्र चालेल, ते कुणीतरी आणा.